मांजरीची नसबंदी: पहिल्या रात्रीपासून टाके निघेपर्यंतची राखण

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी मांजरी उठते, अंग ताणते आणि सरळ खिडकीत उडी मारून बसते. घरातले म्हणतात, "झाली बरी!" टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेली कॉलर निघते, दार उघडं राहतं आणि बहुतेक घोटाळे तिथून सुरू होतात. वरची कातडी आठवड्याभरात जुळत आलेली असते हे खरं. पण तिच्याखाली पोटाचा जो थर शिवलेला असतो, तो इतक्या लवकर भरत नाही. दोन आठवड्यांनंतरसुद्धा त्याची ताकद मूळच्यापेक्षा बरीच कमी असते, फक्त रोजच्या हालचालीला पुरेशी झालेली असते. त्यात मांजर ही दुखणं लपवणारी जात. ती कण्हत नाही, लंगडत नाही. म्हणून तिच्या चेहऱ्यावर विसंबू नका. किती खाल्लं, शू झाली का, श्वास किती चालतोय आणि टाक्यांची रेघ कालच्यापेक्षा वेगळी दिसते का, या चार गोष्टी रोज भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहून ठेवा.

आणायला जाण्याआधी

तारीख ठरवताना पंचांगही बघा. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, चार-पाच दिवस आधी ऑपरेशन करू नका. घर पाहुण्यांनी भरतं, दारं सताड उघडी राहतात, फटाके वाजतात आणि मांजरी बिथरून माळ्यावर चढते. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुराचे पुतळे उभे करतात, त्या रात्रीचंही तेच. रात्रभर दणदणणारे स्पीकर आणि ताजे टाके यांचं जमत नाही. पावसाळा मात्र टाळायलाच हवा असं नाही. तेव्हा माश्या, मुंग्या आणि ओल यांची तयारी जास्त लागते, त्याबद्दल पुढे आहे.

मांजरीसाठी एक खोली मोकळी करा. गोव्यातल्या जुन्या कौलारू घरात हे वाटतं तितकं सोपं नाही. भिंत छपरापर्यंत गेलेली नसली तर ती कपाटावरून भिंतीच्या माथ्यावर आणि तिथून वाशांवर जाते, मग शिडी लावूनही हाताला लागत नाही. अशा घरात सिलिंग असलेली खोली, नाहीतर न्हाणीघर वापरा. न्हाणीघरातून ॲसिड, फिनेल आणि ब्लीचिंग पावडर आधी बाहेर काढा, कमोडचं झाकण बंद ठेवा आणि लादी साध्या पाण्याने दोनदा धुवा. फिनेलसारखी द्रव्यं पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात नीट नसते. पुसलेल्या लादीवर चालून नंतर पंजे चाटले तरी ते पोटात जातं. हे दोन आठवडे तिच्या खोलीत फिनेल नको, कासवछाप धूर नको. डासांसाठी खिडकीला जाळी लावा.

खोलीत उंच काही ठेवू नका. खुर्ची, टेबल, शिलाई मशीन बाहेर. जमिनीवर पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवून त्यात जुनी सुती चादर घडी करून घाला. लपायला जागा मिळाली की मांजरी शांत राहते. खोली नसेलच, तर साधारण तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद पिंजरा चालतो, पण त्यात शूचा ट्रे आणि झोपायची जागा वेगळी राहिली पाहिजे.

शूच्या ट्रेतली नेहमीची माती पहिले आठ-दहा दिवस बंद. तिचे कण ओल्या जखमेला चिकटतात. लाकडाचा भुसा तर बारीक कुसळांसारखा टाक्यांत अडकतो. किनाऱ्यावरची वाळू आणून वापरायची सवय पुष्कळ घरांत आहे. ती खारट असते, दमट असते आणि तिच्यात काय मिसळलंय ते कळत नाही. वर्तमानपत्राच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या फाडून दोन इंचांचा थर घाला आणि भिजला की लगेच बदला. ट्रेची कड उंच असेल तर एका बाजूने कापून तीन-चार इंचांवर आणा.

डॉक्टरांच्या टेबलाजवळ उभं असताना एवढं विचारून कागदावर लिहून घ्या: चिरा पोटाच्या मधोमध आहे की कुशीत, टाके बाहेर आहेत की आत विरघळणारे, दुखण्याचं इंजेक्शन किती वाजता दिलं आणि पुढचा डोस कधी, अँटिबायोटिक आहे का, रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा. दिवाडी किंवा चोडण बेटावर राहत असाल तर रात्रीच्या शेवटच्या फेरीबोटीची वेळही त्याच कागदावर टिपा. मध्यरात्री नदी ओलांडायची वेळ आली तर ती शोधत बसायला नको.

स्कूटरवर मांजरीला पोत्यात किंवा पिशवीत घालून आणू नका. पोटावर दाब येतो आणि तोंडापर्यंत हवा पोचत नाही. टणक प्लास्टिकचा कॅरिअर घ्या, खाली टॉवेल, वर पातळ कापड. मागे बसलेल्याने तो मांडीवर आडवा धरायचा.

पहिली रात्र

भुलीतून उठलेली मांजरी बघून घाबरायला होतं. बऱ्याच ठिकाणी भुलीसाठी केटामाइन वापरतात. त्यात डोळे उघडे राहतात, बाहुल्या मोठ्या दिसतात, डोकं डावीकडे-उजवीकडे डोलतं, मागचे पाय लटपटतात. कधी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा वर आलेला दिसतो. हे सगळं 12 ते 24 तासांत उतरतं. तोवर दिवा मंद ठेवा, टीव्ही बंद करा, मुलांना आत सोडू नका. एरवी मांडीवर लोळणारी मांजरीही या अवस्थेत चावू शकते. चावलीच तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा. 2021 साली गोवा रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं, तरी हा नियम बदललेला नाही. शिवाय मांजराच्या सुळ्याची जखम बारीक आणि खोल असते, ती लवकर पिकते.

तिला पलंगावर किंवा सोफ्यावर ठेवू नका, तोल जाऊन पडते. थेट लादीवरही नको. भुलीनंतर शरीर स्वतःची ऊब राखू शकत नाही आणि गार लादी ती पटकन शोषून घेते. चादरीखाली जाड घोंगडी घाला, पंख्याचा झोत अंगावर नको. कान आणि पंजे गार लागले तर बाटलीत कोमट पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून तिच्या पाठीशी ठेवा, पण ती सरकून दूर होऊ शकेल इतकी जागा सोडा. एप्रिल-मेच्या उकाड्यात बाटली बहुधा लागत नाही, तेव्हा खोलीत हवा खेळती असली की झालं.

पहिले सहा तास दर तासाला, नंतर झोपेपर्यंत दर दोन तासांनी दोन गोष्टी बघा. एक, श्वास. छाती वर-खाली झाली की एक, असं 30 सेकंद मोजा आणि दुप्पट करा. विसावलेल्या मांजरीचा आकडा साधारण 20 ते 30 असतो. सलग दोन-तीनदा 40च्या वर गेला, किंवा तोंड उघडून धाप लागली, तर फोन करा. दुसरी, हिरडी. अंगठ्याने वरचा ओठ अलगद उचला. सुळ्याच्या वरची हिरडी फिकट गुलाबी आणि ओलसर दिसली पाहिजे. बोटाने क्षणभर दाबून सोडा. पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. काही मांजरांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, त्यांची खालची पापणी किंचित ओढून आतला रंग बघा. हिरडी कागदासारखी पांढरी, अंग गार, पोट फुगत चाललेलं आणि मांजरी मलूल, अशी लक्षणं जुळली तर आत रक्तस्राव होत असण्याची शक्यता आहे. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

खाणं-पिणं

पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात काही घालू नका, चमच्याने पाणीसुद्धा नाही. गिळण्याची क्रिया जागी झालेली नसेल तर ते फुफ्फुसात जातं. मांजरी मान सरळ धरून बसली, हाक मारल्यावर कान वळवले, की पसरट वाडग्यात थोडं पाणी ठेवा. ते पोटात टिकलं तर तासाभराने नेहमीच्या जेवणाच्या पाव भाग द्या. चार-सहा महिन्यांच्या पिलांच्या बाबतीत मात्र फार वेळ काढू नका, उपाशी राहिल्याने त्यांची साखर झपाट्याने उतरते. पहिल्या रात्री एखादी उलटी झाली तर चालतं, वारंवार झाली तर कळवा.

आपल्याकडच्या मांजरी माशांवर वाढलेल्या असतात, त्यामुळे भूक परत आणायला मासा उत्तम. फक्त तो हुमणातला, म्हणजे माशाच्या आमटीतला, नको. हुमणात मीठ, मिरची आणि बहुतेक वेळा कांदा-लसूण असतो, आणि कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. बांगडा किंवा तारले मिठाशिवाय पाण्यात उकडा, मधला काटा आणि बारीक काटे बोटांनी चाचपून काढा आणि त्याच पाण्यासकट कोमट द्या. वास वर आला पाहिजे, मांजर नाकाने जेवतं. कच्चा मासा नको: बांगडा-तारल्यांसारख्या माशांत जीवनसत्त्व बी-1 मोडून टाकणारा घटक असतो, तो शिजवल्यावर निकामी होतो. सुकं खारं, म्हणजे मीठ लावून वाळवलेली मासळी, फार खारट, तेही नको. श्रावणात घरात मासळी शिजत नसेल तर मांजरांच्या ओल्या खाद्याची पाकिटं आधीच आणून ठेवा. या दिवसांत तिला दूधभातावर ठेवणं बरं नव्हे, मोठ्या मांजरांना दूध सहसा पचत नाही आणि जुलाबाने शेपटीखालचा भाग आणि टाके दोन्ही घाण होतात.

ऑपरेशननंतर 24 तास उलटूनही एक घास खाल्ला नाही तर डॉक्टरांना फोन करा. "नाही खाल्लं तर उद्या खाईल" हे कुत्र्याच्या बाबतीत एक वेळ चालतं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की शरीरातली चरबी यकृतात साचायला लागते, आणि अंगाने भरलेल्या मांजरीत हा धोका अधिक. शू 24 तासांत झालीच पाहिजे. शीला दोन ते चार दिवस लागले तरी काळजी नको, आदल्या दिवशी पोट रिकामं ठेवलेलं असतं.

औषधं

घरातलं पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिन किंवा डोलो, मांजराला कधीही देऊ नका. 500 मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. रक्तातली प्राणवायू वाहण्याची क्षमताच ती मारून टाकते: हिरड्या तपकिरी होतात, तोंड सुजतं. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिनही नको.

दुखण्यासाठी डॉक्टर बहुधा मेलॉक्सिकॅमचं सिरप देतात. इथे एक चूक वारंवार होते. कुत्र्यांसाठीच्या सिरपमध्ये दर मिलिलिटरला 1.5 मिलिग्रॅम औषध असतं, मांजरांसाठीच्यात 0.5. मेडिकलमधून चुकून कुत्र्याची बाटली आली आणि मांजरीसाठी लिहिलेले थेंब त्यातून दिले तर तिप्पट डोस जातो आणि मूत्रपिंडांना धक्का बसतो. बाटलीवरचा आकडा चिठ्ठीशी ताडून बघा. सिरप खाण्यानंतरच द्या. मांजरी खात नसेल किंवा उलट्या करत असेल तर ते थांबवून डॉक्टरांना विचारा.

गोळी देताना मांजरीला टॉवेलात मानेपर्यंत गुंडाळा, पोटावर न आवळता. डोकं वरून धरून नाक छताकडे करा, खालचा जबडा आपोआप सैल पडतो. गोळी जिभेच्या मागच्या टोकाला टाका, तोंड मिटा, गळा हलकेच चोळा. लगेच बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या कडेतून तीन ते पाच मिलिलिटर पाणी हळूहळू सोडा. हे पाणी डॉक्सिसायक्लीन या अँटिबायोटिकच्या गोळीवर तर हवंच हवं. ती कोरडी राहिली तर अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते.

टाक्यांची रेघ

रोज सकाळी, त्याच खिडकीच्या उजेडात, मोबाइलवर एक फोटो काढा. आठवणीपेक्षा फोटो खरा, आणि डॉक्टरांना पाठवायलाही तोच कामाला येतो.

चिरा साधारण बोटाच्या एक-दोन पेरांएवढा असतो. पहिल्या दिवशी गुलाबी पाण्याचे एक-दोन डाग, कडांना किंचित लाली, आजूबाजूला निळसर छटा, हे चालतं. चौथ्या-पाचव्या दिवशी रेघेखाली दोरीसारखी कडक गाठ हाताला लागते. ती आतल्या धाग्यांची असते, काही आठवड्यांत विरते. मऊ, न दुखणारा, पाण्याने भरल्यासारखा फुगवटा आला तर मांजरी उड्या जास्त मारतेय असं समजा. कातडीखाली पाणी साठलेलं असतं, बहुधा आपोआप जिरतं. तो दाबू नका, सुई टोचू नका, पण डॉक्टरांना एकदा दाखवा. दाबल्यावर फुगवटा आत जातो आणि परत वर येतो असं वाटलं तर आतला थर उसवला असू शकतो, त्याच दिवशी जा.

जखमेला काही लावायचं नाही, इतकंच उत्तर आहे. डेटॉल नको, ते मांजराला विषारी. हळद नको: चिऱ्याच्या कडांवर तिची खपली धरते, खालचा रंग झाकला जातो आणि पू झाला तरी दिसत नाही. खोबरेल लावलं की वासाने मांजरी आणखी चाटते. माती किंवा रक्त लागलं असेल तर मेडिकलमध्ये मिळणाऱ्या सलाईनने गॉज भिजवून नुसतं टिपा, चोळू नका. दोन आठवडे आंघोळ नाही.

चाटणं थांबवणं

मांजराची जीभ म्हणजे किसणी. तिच्यावरचे काटे मागे वळलेले असतात, त्यामुळे प्रत्येक चाटण्यात टाका बाहेरच्या दिशेने ओढला जातो. अर्ध्या तासात रेघ उघडू शकते आणि हे बहुतेक रात्री, घर झोपलेलं असताना होतं. म्हणून कॉलर रात्री काढायची नाही. कॉलरची कड नाकाच्या एक-दोन सेंटिमीटर पुढे यायला हवी आणि मानेपाशी दोन बोटं जायला हवीत. त्याहून सैल ठेवली की मांजरी खालचा जबडा त्यात अडकवून घेते.

दमट हवेत प्लास्टिकच्या कॉलरखाली मान घामेजल्यासारखी ओली राहते, लाल होते. त्यामुळे कपड्याचा पर्याय पुष्कळांना बरा पडतो. जुन्या सुती लेगिंगचा मांडीचा भाग घ्या, मांजरीच्या मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीचा. एका टोकापासून तीन बोटं सोडून पुढच्या पायांसाठी दोन भोकं पाडा, एकमेकांपासून चार बोटांवर. ती लहानच कापा, कापड ताणतं. मागच्या पायांची जागा तिच्या अंगाला लावून खूण करा आणि तिथे दोन भोकं. शेपटीकडच्या कडेला वर आणि खाली यू आकाराचा काप द्या, शी-शूची जागा पूर्ण मोकळी राहिली पाहिजे. असे तीन कपडे शिवा: एक अंगावर, एक दोरीवर, एक हाताशी. पावसात ते वाळत नाहीत, इस्त्री फिरवून कोरडे करा. ओला कपडा टाक्यांवर असण्यापेक्षा नसलेला बरा. चिरा कुशीत असेल तर तो भाग झाकला जातो का ते बसवतानाच बघा. कपडा चढवला की पहिला अर्धा तास मांजरी एका कुशीवर आडवी पडते, पाय हलत नसल्यासारखी. तिला दुखत नसतं, अंगावर काहीतरी आहे हे सोसवत नसतं. जवळ एक घास ठेवा, उठते.

पावसाळ्यात माश्या आणि मुंग्या

जून ते सप्टेंबर निळ्या-हिरव्या माश्या दारात घोंघावत असतात. ओलसर जखमेवर माशीने अंडी घातली तर एका दिवसात अळ्या निघतात. तांदळाच्या कण्यांसारखा पांढरट पुंजका केसांत दिसला तर ती अंडी आहेत. कपडा काढा, ओल्या गॉजने पुसून घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे. टर्पेंटाइन ओतू नका. कुत्र्यांच्या गोचिडांचे स्प्रे आणि मानेवर टाकायची औषधंही नको, त्यांतलं पर्मेथ्रिन मांजराला झटके आणतं. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, किंवा परसात दहा मिनिटंसुद्धा सोडू नका. मुंग्यांसाठी खाण्याचं ताट पाणी भरलेल्या पसरट थाळीत ठेवा आणि उरलेलं अर्ध्या तासात उचला. लक्ष्मणरेषेच्या खडूच्या रेघा तिच्या खोलीत नकोत.

तिसऱ्या दिवसानंतर

उड्या, जिना, दुसऱ्या मांजराशी मस्ती 14 दिवस बंद. खेळायचं असेल तर जमिनीवर बसून, दोरी सरपटवत, उंच न नेता. घरातलं दुसरं मांजर तिच्यावर गुरगुरलं तर दवाखान्याच्या वासाने गुरगुरतं. तिची चादर एक-दोन दिवस त्याच्या जागेवर ठेवा, मग भेट घडवा. ती माजावर असताना ऑपरेशन झालं असेल तर आठवडाभर बोके घराभोवती घिरट्या घालतील, खिडकीच्या जाळीचे खिळे तपासून घ्या. घरातल्याच बोक्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर तोही काही आठवडे दुसऱ्या मांजरीला गाभण ठेवू शकतो, हे विसरू नका.

रेघ उघडून आतला लालसर किंवा चरबीसारखा भाग बाहेर दिसला तर तो आत ढकलू नका. सलाईनने भिजवलेलं स्वच्छ कापड वर ठेवा, टॉवेलात सैल गुंडाळा, चाटू देऊ नका आणि निघा. एक जण कॅरिअर सांभाळेल, दुसरा वाटेतच डॉक्टरांना फोन करेल. पू, कुजका वास, दुसऱ्या दिवशीही टपटपणारं रक्त, 39.4 सेल्सिअसच्या वरचा ताप, शूसाठी पुन्हा पुन्हा बसून काहीच न होणं, यांसाठीही दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

बाहेरचे टाके 10 ते 14 दिवसांत डॉक्टर काढतात. घरी कात्रीने कापायचे नाहीत. टाके निघाल्यावर आणखी एक दिवस कपडा राहू द्या, रिकाम्या छिद्रांना खाज सुटते आणि ती परत चाटायला लागते. सयामी वळणाच्या मांजरीच्या भादरलेल्या जागी केस आधी गडद येतात, कारण त्या जातीत कातडीच्या थंडाव्यावर रंग ठरतो. पुढच्या केसगळतीत ते पूर्ववत होतात.

पुढे महिना-दोन महिन्यांनी ती पुन्हा माजावर आल्यासारखी ओरडायला लागली, मागचा भाग उचलून लोळायला लागली, तर बीजांडाचा तुकडा आत राहिला असू शकतो. व्हिडिओ काढून दाखवा. आणि वजन. नसबंदीनंतर शरीराची गरज साधारण पाव हिश्शाने घटते, भूक मात्र वाढते. टाके निघतील त्या दिवशी मांजरीला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे, आणि फरक कॅलेंडरवर लिहा. महिन्याने पुन्हा. चार किलोच्या मांजरीचं दोनशे ग्रॅमने वाढलं असेल तर वाटीतला एक घास त्याच दिवसापासून कमी.